घंटा कुणाच्या घड्याळाने वाजते?

पाचोड म्हटलं की मराठवाड्यातल्या माणसाला आधी मोसंबी आठवते. पैठण तालुक्यातलं, संभाजीनगरहून बीडकडे जाणाऱ्या महामार्गावरचं हे बाजाराचं गाव. शिक्षणातल्या नव्या प्रयोगांची यादी करायला बसलं, तर पाचोडचं नाव सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. पुणे येतं, बंगळुरू येतं, एखाद्या स्टार्टअपचं नाव येतं.

पण १९९०च्या दशकाच्या शेवटी पाचोडच्या परिसरातल्या गावांमध्ये एक वर्ग भरायचा. संध्याकाळी, सोमवार ते शुक्रवार, रोज एक तास. वर्गातल्या मुली बारा ते अठरा वर्षांच्या, लग्न न झालेल्या. त्यातल्या कितीतरी जणींची शाळा सुटलेली. दिवस शेतात किंवा घरकामात जायचा. शिकवणाऱ्या बायका त्याच गावच्या. त्यांच्यासाठी शिक्षणाची अट होती किमान सातवी पास. वर्षभरात असे २२५ तास व्हायचे. आठवड्याला पाच धरले तर पंचेचाळीस आठवडे.

हा वर्ग चालवत होती ‘इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट, पाचोड’. डॉ. अशोक दयालचंद यांच्या नेतृत्वाखाली खेड्यांमध्ये आरोग्याचं काम करणारी ही संस्था. ‘इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन’ या संशोधन संस्थेबरोबर त्यांनी या वर्गाचा परिणामही मोजला. १९९७ ते २००१ या काळात, वर्ग चाललेल्या भागात मुलींच्या लग्नाचं मध्यक वय सोळावरून सतरावर गेलं. मध्यक म्हणजे सगळ्या नवऱ्या मुलींची वयं लहान-मोठी ओळीने लावली तर बरोबर मधोमध येणारं वय. अठराच्या आत होणाऱ्या लग्नांचं प्रमाण ८०.७ टक्क्यांवरून ६१.८ टक्क्यांवर आलं. तुलनेसाठी निवडलेल्या, वर्ग नसलेल्या भागात फारसा फरक पडला नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला ए/बी टेस्ट म्हणतो, त्याच जातीची ही तुलना.

एक वर्ष. आकडा लहान दिसतो. पण सोळा आणि सतराच्या मधल्या त्या वर्षात काय काय मावतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा. दहावीचा निकाल मावतो. पहिलं बाळंतपण वर्षभर पुढे जातं. ‘नको’ म्हणायला थोडा धीर येतो. त्या वर्गात बसलेल्या मुली आज चाळिशीच्या आसपास असतील. माझ्या मावश्यांच्या वयाच्या.

आजकाल आमच्या क्षेत्रात ‘विद्यार्थ्यांना गुंतवून ठेवणं’ हा मोठा विषय आहे. त्यासाठी ॲनिमेशन आहे, गेम आहेत, बक्षिसाचे पॉइंट आहेत, आता एआय शिक्षकही आहे. मी स्वतः पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते, त्यामुळे या गोष्टींना नावं ठेवायचा माझा विचार नाही. पण पाचोडच्या वर्गाने जे साधलं, त्याचं मर्म मला आधी वेळापत्रकात दिसतं आणि मग अभ्यासक्रमात. वर्ग संध्याकाळी होता, कारण मुलींना संध्याकाळीच वेळ होता. इतकी साधी गोष्ट. आणि ही साधी गोष्ट सुचायला महाराष्ट्राला दीडशे वर्षं पुन्हा पुन्हा कष्ट घ्यावे लागले आहेत. हा लेख त्या वेळेच्या इतिहासाचा आहे.

दिवस कुणाचा मोकळा असतो?

जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, हे आपण सगळे शाळेत पाठ करतो. त्यांनी १८५५मध्ये शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रशाळाही काढली, हे मात्र पटकन आठवत नाही. मला दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोठी वाटते.

कारण दिवसाची शाळा एक गोष्ट न बोलता गृहीत धरते : शिकणाऱ्याचा दिवस मोकळा आहे. ज्यांच्या घरात दिवसा दुसरं कुणीतरी कमावतं, पाणी भरतं, धाकट्या भावंडाला सांभाळतं, त्यांच्यासाठी हे खरं होतं. ज्याचं पोट दिवसाच्या मजुरीवर, त्याच्यासाठी शाळेचं दार उघडं असूनही बंदच. जातीची बंदी उठवली तरी वेळेची बंदी शिल्लक राहते. फुल्यांनी ती ओळखली आणि दिव्याच्या उजेडात शाळा भरवली. दिवा हे त्या काळातलं शैक्षणिक तंत्रज्ञान म्हणायला हरकत नाही. त्याने शाळेची वेळ सरकवता आली.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही ‘गृहीतक’ या शब्दाला घाबरतो. प्रोग्राममधल्या सगळ्यात चिवट चुका कोडच्या ओळींमध्ये सापडत नाहीत, त्या कुणी कधी लिहूनच न ठेवलेल्या गृहीतकांमध्ये असतात. साडेदहा ते पाच ही शाळेची वेळ अशाच गृहीतकावर उभी आहे.

गुरं चरतात तिथे

पुढची गोष्ट समुद्राकाठची. ताराबाई मोडक मूळच्या मुंबईच्या. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं, माँटेसोरी पद्धत आत्मसात केली. १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पण ही पद्धत शहरातल्या, पैसेवाल्या घरातल्या मुलांपुरती राहते आहे, हे त्यांना टोचत होतं. १९४५मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. १९५७मध्ये हे काम जवळच्या कोसबादच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सोबतीला गेलं. आज हा भाग पालघर जिल्ह्यात येतो.

पहिली अडचण साहित्याची होती. माँटेसोरीची महागडी लाकडी साधनं खेड्यात आणणार कुठून? ताराबाईंनी गावात जे होतं ते घेतलं. शिंपले, बिया, पानं, खडे. मोजायचं तर चिंचोके मोजा, रंग ओळखायचे तर फुलं-पानं आणा. आज आपण ‘कमी खर्चाचं, स्थानिक, सर्जनशील’ असे शब्द वापरतो. त्यांनी ते न म्हणता केलं.

दुसरी अडचण जास्त अवघड होती. मुलं शाळेत येईनात. लहान मुलं अंगणात धाकट्यांना राखत बसलेली, जरा मोठी मुलं गुरांमागे रानात. मग शाळाच हलली. पाड्यावर, घराच्या अंगणात वर्ग भरू लागला. त्याचं नाव अंगणवाडी. आणि गुरं चरतात त्या कुरणात शिक्षक जाऊन बसू लागले. त्याचं नाव कुरणशाळा.

या शब्दाशी जरा थांबा. कुरणशाळा. गुरं राखणाऱ्या मुलाला ‘गुरं सोड आणि शाळेत ये’ असं सांगायला सगळे तयार होते. इथे शाळाच उठून त्याच्याकडे गेली. मुलाची एक नजर गुरांवर, एक नजर पाटीवर. फळा नाही, बाक नाही, पण हजेरी आहे. आणि लहान भावंडं सांभाळावी लागतात म्हणून मोठी बहीण येत नसेल, तर त्या भावंडांसाठी पाळणाघर. पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच आवारात. या सगळ्या रचनेला नाव होतं विकासवाडी.

१९७५मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा देशभरच्या केंद्रांना नाव मिळालं ‘अंगणवाडी’. शब्द राहिला, अर्थ थोडा बदलला. आता अंगणवाडी म्हणजे ठरलेली खोली आणि मूल तिथे येणार. ताराबाईंची अंगणवाडी मुलाच्या अंगणात जायची. कुरणशाळा हा शब्द तर शासनाच्या कुठल्याच योजनेच्या नावात पुढे आला नाही. मला तो शब्द हरवल्याचं जास्त वाईट वाटतं.

रेडिओ ऐकला, मग बोलले

तंत्रज्ञानाकडे येऊ. १९५६च्या सुरुवातीला आकाशवाणी आणि युनेस्को यांनी मिळून पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली १५० गावं. प्रत्येक गावात एक श्रोता मंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम. विषय शेतीचे, आरोग्याचे, गावच्या व्यवहाराचे. मराठवाडा तेव्हा अजून हैदराबाद राज्यात होता. मुंबई राज्यात तो आला त्याच वर्षी १ नोव्हेंबरला. म्हणजे गोदावरीच्या पलीकडे, नगर जिल्ह्यात मंडळं बसत होती आणि अलीकडे पैठणच्या बाजूला हा प्रयोग नव्हता.

या प्रयोगाचं वैशिष्ट्य त्याच्या रचनेत होतं. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि ऐकलेल्यावर बोलायचं. आपल्या गावात हे चालेल का, चालत नसेल तर का नाही. शंका लिहून केंद्राला पाठवायच्या, पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरं यायची. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने याचं मूल्यमापन केलं. तुलनेसाठी काही गावं अशी घेतली जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हतं आणि काही अशी जिथे दोन्ही नव्हतं. मंडळ असलेल्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढली. मंडळ नसलेल्या गावांत वाढ नाममात्र होती, रेडिओ असला तरी.

सत्तर वर्षांपूर्वीचा हा निष्कर्ष मला आजच्या कुठल्याही शैक्षणिक ॲपच्या पहिल्या मीटिंगमध्ये भिंतीवर लावावासा वाटतो. रेडिओने आवाज पोहोचवला. शिकणं झालं ते रेडिओ बंद केल्यावर, शेजारच्या माणसाशी वाद घालताना. आज आपण उलट करतो. एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा सुरू होतो. गप्प बसून विचार करायला किंवा बाजूच्याला काही विचारायला फट उरत नाही.

परीक्षेऐवजी जत्रा

जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक हे महाराष्ट्रातल्या शिक्षणविचारातलं मोठं जोडपं. पुण्यातली भारतीय शिक्षण संस्था त्यांनी उभी केली. १९७९च्या सुमारास चित्राताईंनी पुणे जिल्ह्यातल्या शंभर गावांमध्ये एक कृतिसंशोधन सुरू केलं. शाळेत कधीच न गेलेली किंवा शाळा सोडलेली नऊ ते चौदा वयाची मुलं गोळा करायची, संध्याकाळी दोन तास वर्ग घ्यायचा, शिकवणारं माणूस शक्यतो गावातलंच. वर्गात आल्या त्यांत मुलींची संख्या मोठी होती. दिवसा ज्यांना घरातून सुटका नव्हती, त्या संध्याकाळी येऊ शकत होत्या.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बालजत्रा. या मुलांनी काय शिकलं हे तपासायचं तर परीक्षा घ्यावी लागणार. पण परीक्षेच्या भीतीनेच तर त्यातली कितीतरी मुलं शाळेतून पळाली होती. म्हणून आसपासच्या गावांतली मुलं एकत्र आणून जत्रा भरवायची. खेळ, गाणी, गोष्टी, आणि त्यातच वाचन, हिशेब, माहिती यांची तपासणी. मूल जत्रेत आलं आहे, आणि तपासणी होऊनही गेली.

आज आम्ही याला ‘गेमिफिकेशन’ म्हणतो आणि त्यावर कॉन्फरन्स भरवतो. फरक एवढाच की आमच्या गेममध्ये पोरगं एकटं असतं. चित्राताईंच्या जत्रेत शेजारच्या गावची पोरं भेटायची.

घरबसल्या विद्यापीठ, रात्रीची बॅच

पुढची दोन पावलं भराभर टाकू. १९८९मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले. ब्रीदवाक्य ‘ज्ञानगंगा घरोघरी’. बारावी नसलेल्यालाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम पूर्ण करून पदवीची वाट खुली. पुस्तकं घरी, अभ्यासकेंद्र जवळच्या गावात. नोकरी करणारा कंडक्टर, लग्न होऊन आलेली सून, दोघांना एकाच वर्गात न बसता एकच पदवी घेता येऊ लागली.

२००१मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन म्हणजे एमकेसीएल आलं आणि पाठोपाठ एमएस-सीआयटी. तालुक्याच्या गावात एसटी स्टँडजवळ, दुकानाच्या वरच्या मजल्यावर, तीन-चार संगणक आणि एक फॅन. आमच्या भागातल्या कितीतरी जणांनी माउसला पहिला हात तिथेच लावला. सकाळची बॅच, दुपारची बॅच, संध्याकाळची बॅच. ‘तुम्हाला कोणती वेळ जमेल?’ हा प्रश्न तिथे प्रवेशाच्या वेळी विचारला जायचा. जिल्हा परिषदेच्या शाळेने किंवा कॉलेजने तो कधी विचारला नव्हता.

पाचोडच्या वर्गात काय होतं?

आता पुन्हा पाचोडला. त्या २२५ तासांत शिकवलं काय? विषय पाच भागांत होते : सामाजिक प्रश्न, स्थानिक संस्था, जीवनकौशल्यं, बालआरोग्य आणि पोषण, आणि स्वतःचं आरोग्य. म्हणजे ग्रामपंचायत कशी चालते इथपासून बाळाला जुलाब झाले तर काय करायचं इथपर्यंत. हे ठरवताना आईवडिलांनाही सोबत घेतलं होतं. हा भाग महत्त्वाचा. पोरीला संध्याकाळी घराबाहेर पाठवायचं तर घरच्यांना आधी माहीत हवं की तिथे चालतं काय.

वर्गाने लग्नाचं वय पुढे का सरकलं, याचं माझं उत्तर असं आहे. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी एक मुलगी घरातून निघते, गावातून चालत जाते, एक तास बसते, परत येते. पहिल्या आठवड्यात गल्ली बघते. दुसऱ्या महिन्यात कुणी बघत नाही. मुलीचा एक तास तिच्या स्वतःच्या नावावर झालेला असतो, आणि ते घराने मान्य केलेलं असतं. ज्या घराने रोजचा एक तास मान्य केला, त्या घराला पुढे एक वर्ष मान्य करायला सांगणं थोडं सोपं जातं. समोर शिकवणारी बाई आपल्याच गावची, सातवी-आठवी शिकलेली. ती रोज दिसते. शिकलेली बाई कशी असते, याचं उदाहरण गावातच चालत-बोलत असतं.

या साखळीतल्या इतर प्रयोगांशी जोडून पाहिलं की चित्र स्पष्ट होतं. वेळ मुलीच्या सोयीची, जशी फुल्यांच्या रात्रशाळेत. जागा तिच्या गावात, जशी कोसबादला. एकत्र बसून बोलणं, जसं रेडिओच्या मंडळात. शिकवणारं माणूस ओळखीचं, जसं चित्राताईंच्या वर्गात.

पाठीवर शाळा

मराठवाड्यात वेळेचा प्रश्न संध्याकाळच्या एका तासाने संपत नाही. इथे अख्खा हंगामच हलतो. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांच्या ट्रॅक्टर आणि ट्रक निघतात, पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटककडे. पाडव्याच्या आसपास परत. शाळेचं वर्ष जूनला सुरू होऊन एप्रिलला संपतं. म्हणजे मूल पहिलं सत्र गावात बसतं आणि दुसरं सत्र फडात. वार्षिक परीक्षा येते तेव्हा कोपी अजून कारखान्याच्या माळावर असते.

यावर संभाजीनगरच्या ‘जनार्थ’ या संस्थेने साखरशाळा चालवल्या. कारखान्याच्या परिसरात, कामगारांच्या तळाजवळ वर्ग. पुढे शासनाने हंगामी वसतिगृहांची वाट धरली : आईबाप फडावर जावेत, मूल गावातच राहून जेवावं आणि शिकावं. दोन्ही उपायांत एकच कबुली आहे. मुलाचं वर्ष आणि शाळेचं वर्ष जुळत नाही, आणि सरकायचं शाळेने.

क्यूआर कोड आणि गोठा

२००९मध्ये रणजितसिंह डिसले सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक म्हणून गेले. अभियांत्रिकीचं शिक्षण अर्ध्यावर सोडून ते डी.एड.ला वळलेले. शाळेची इमारत गोठा आणि कोठीच्या मधे अडकलेली. पुढची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत आहे. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड, स्कॅन केला की कविता ऐकू येते, व्हिडिओ दिसतो. पुढे बालभारतीच्या राज्यभरच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली.

बातम्यांत क्यूआर कोड गाजला. मला त्याआधीची पायरी जास्त महत्त्वाची वाटते. वर्गातल्या कितीतरी मुलांची घरची भाषा कन्नड होती, म्हणून डिसले स्वतः कन्नड शिकले आणि मुलांच्या भाषेत मजकूर तयार केला. क्यूआर कोड त्यानंतर. आणि कोडचा खरा फायदाही वेळेचाच आहे. वडील संध्याकाळी फोन घेऊन घरी आले की मूल तोच पाठ पुन्हा ऐकू शकतं. सर वर्गात एकदा बोलतात, कोड पाच वेळा बोलतो, न रागावता. पुरस्काराच्या वेळी सांगितल्या गेलेल्या गोष्टींत हेही होतं की गावात मुलींची हजेरी वाढली आणि अल्पवयीन लग्नं थांबली. पाचोड ते परितेवाडी, मोजपट्टी तीच निघाली.

फोन घरी कधी येतो?

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि सगळ्या महाराष्ट्राने एका फटक्यात ऑनलाइन जायचं ठरवलं. दीडशे वर्षांत शिकलेला धडा आठवायची हीच वेळ होती. काही ठिकाणी तो आठवलाही. जुलै २०२०पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली, कारण फोन नसलेल्या कितीतरी घरांत टीव्ही होता. पालघरच्या दांडवळला लाऊडस्पीकरवर पाठ वाजवले गेले. सोलापूरच्या नीलमनगरात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले, मूल केव्हाही जाऊन वाचू शकेल असे. कुरणशाळेचीच ही नातवंडं.

पण सर्वसाधारण चित्र वेगळं होतं. सकाळी दहाला लाइव्ह क्लासची लिंक यायची आणि फोन बापाच्या खिशात शेतावर किंवा कामावर गेलेला असायचा. २०२१च्या ‘असर’ पाहणीत देशभरातल्या ग्रामीण मुलांपैकी ६७.६ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता. पण फोन घरी असलेल्यांतल्या २६.१ टक्के मुलांना तो अभ्यासाला मिळतच नव्हता. ज्यांना मिळत होता त्यांतल्याही बहुतेकांना कधीमधी. शाळेची घंटा आता नोटिफिकेशनच्या रूपात वाजत होती, पण घड्याळ तेच होतं, साडेदहा ते पाचचं.

इथे एक आक्षेप घ्यायला हवा, आणि तो खरा आहे. ‘लवचिक’ हा शब्द फार गोड आहे. त्याच्या आड गरिबाच्या पोराला दुय्यम दर्जाचं शिक्षण देऊन हात झटकता येतात. अनौपचारिक शिक्षणावर हीच टीका झाली : बालमजुरी तशीच ठेवून संध्याकाळचे दोन तास म्हणजे न्याय नव्हे, शिकवणाऱ्याला तुटपुंजं मानधन म्हणजे स्वस्तात उरकणं. २००९चा शिक्षण हक्क कायदा याच भूमिकेतून आला. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला पूर्ण वेळ शाळा हा हक्क आहे. मी या टीकेच्या बाजूने आहे. पण कायदा चौदाव्या वर्षी थांबतो. पाचोडच्या वर्गातल्या कितीतरी मुली त्या रेषेपलीकडच्या होत्या, आणि आजही लग्नाचा प्रश्न नेमका तिथेच उभा राहतो. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. शेजारच्या बीड जिल्ह्यात हा आकडा चाळीसच्या वर. पूर्ण वेळेची चांगली शाळा हवीच. ती ज्या दारापर्यंत पोहोचत नाही, तिथे काय करायचं हा प्रश्न तरीही उरतो.

आता माझ्या धंद्याकडे. शिकवणाऱ्या बहुतेक ॲपमध्ये ‘स्ट्रीक’ नावाची गोष्ट असते. रोज आलात तर आकडा वाढतो, एक दिवस चुकला की शून्य. शहरातल्या मुलाला त्याने शिस्त लागत असेल. पण कापूस वेचायच्या पंधरा दिवसांत एका मुलीने ॲप उघडलं नाही, तर परत आल्यावर पहिली गोष्ट तिला काय दिसते? शून्य. शाळेत हजेरीपटावर लाल शाईचा ‘गै’ दिसायचा, तसाच. ज्याने हे लिहिलं तो दुष्ट नाही. त्याला फक्त कापूस वेचणीचा महिना माहीत नाही.

हे बदलणं अवघड नाही. मूल जिथे थांबलं होतं तिथूनच पाठ सुरू करता येतो. संध्याकाळी एकदा नेटवर्क मिळालं की आठवड्याचे धडे उतरवून ठेवता येतात. खातं गावाला न बांधता मुलाला बांधता येतं, म्हणजे फडावर गेलं तरी त्याची इयत्ता त्याच्यासोबत जाते. एआय शिक्षक मराठवाडी बोलीतल्या प्रश्नाला न हसता उत्तर देऊ शकतो, आणि उत्तर दिल्यावर ‘आता फोन ठेव आणि ताईशी बोल’ असंही सांगू शकतो. ती ताई मात्र गावात असावी लागते, आणि तिला धड पगार असावा लागतो. तो भाग कोडमध्ये लिहिता येत नाही.

नवं ॲप काढताना आम्ही स्क्रीनचे रंग ठरवतो, भाषा ठरवतो, बटण डावीकडे की उजवीकडे यावर दोन दिवस भांडतो. त्याच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा : ही मुलगी मोकळी कधी असते, आणि तेव्हा घरातला फोन कुणाच्या हातात असतो? उत्तर मुंबई-पुण्याच्या ऑफिसात मिळणार नाही. पाचोडला उतरून, दिवेलागणीच्या वेळी, एखाद्या घराच्या ओट्यावर बसून विचारावं लागेल. विचारायला जाताना शाळा सुटलेल्या मुलीशी आधी तिच्या आईसमोर बोलावं. तिच्या तासावर अजूनही घराचीच मालकी असते.